टूलरूममागचं टेबल

टूलरूमच्या मागे, कंप्रेसरच्या खोलीला लागून, एक लोखंडी टेबल आहे. पूर्वी त्यावर मालाची तपासणी व्हायची. एक पाय वाकला तसं ते तिथे नेऊन टाकलं. पहिल्या पाळीचा चहा साडेनऊला असतो, दहा मिनिटं. आमच्या लाईनवरचे सात-आठ जण कॅन्टीनमध्ये न बसता कागदी कप घेऊन त्या टेबलाशी येतात. येत असत, असं लिहायला हवं.

कंपनी निघोज्याजवळ. आम्ही हब बनवतो, म्हणजे गाडीचं चाक ज्याच्यावर बसतं तो मध्ये भोक असलेला लोखंडी गोल. भोकं शेकड्याने पाडता येतात. ते बरोबर मापाचं आणि गोल पाडणं, तेवढ्यासाठीच आम्हाला ठेवलंय. डिप्लोमा करून मी तिथे सीएनसी मशीनवर लागले तेव्हा त्या लाईनवर बाई मी एकटीच होते. सगळे मला मॅडम म्हणायचे. या शब्दात आदर असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कारखान्यात काम करून बघावं.

टेबलाची एक रीत होती. ज्याच्या हातून माल बिघडला त्याने तो तुकडा आणून सगळ्यांसमोर ठेवायचा आणि कसा बिघडवला ते सांगायचं. मग बाकीचे बोलणार. ज्याने आपला तुकडा कधी ठेवलाच नाही त्याला कुणी काही शिकवायचं नाही. मला हे माहीत नव्हतं. मी रोज जायची आणि विचारायची. मशीन लावून देणारे आमचे सेटर निघोज्याचेच, साठीला टेकलेले. जिथे आता आमची शेड आहे त्याच्या आसपास कुठेतरी त्यांच्या घरची बाजरी व्हायची. मी त्यांना विचारायची, "माल पकडणारे हे मशीनचे जबडे तुम्ही मापाला कसे कापता? तुमचाच माल इतका सरळ कसा बसतो?" ते कपात बघत म्हणायचे, "बघू की." तीन आठवडे मी "बघू की" ऐकलं.

मग एका सकाळी मी मशीनला मापाची दुरुस्ती देताना वजा दोनच्या ऐवजी अधिक दोन दिले. भोक मोठं झालं. आधी मी तो हब गुपचूप लाल पेटीत टाकला, जिथे बाद माल जातो. नंतर काय वाटलं कोण जाणे, चहाच्या वेळी पेटीतून काढला आणि टेबलावर आपटला. म्हटलं, "अधिक-उण्याची चूक. डिप्लोमाला पहिला वर्ग होता मला."

मग माझ्या शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरने हब उचलला आणि भोकातून माझ्याकडे बघितलं. तो कंत्राटी, नांदेडकडचा, तिशीतला. म्हणाला, "आवो, ह्यातून तर माजी मुंडी जाईल की!"

सगळे हसले. सेटरसुद्धा. "भोक ल्हान ऱ्हायलं आसतं तर पुन्हा कापता आलं आसतं," ते म्हणाले. "पैल्या तुकड्याला मापाच्या आलीकडंच थांबायचं. मग मोजायचं. मग पुढं जायचं. घाई कुनाला हाय? चाकाला न्हाई, तुलाच हाय." एकाने पायाने खोका माझ्याकडे सरकवला. "बसा ताई."

त्या दिवसापासून मी ताई झाले. सेटर मला पोरी म्हणू लागले. पुढच्या वर्षभरात त्या टेबलावर मी जे शिकले ते तीन वर्षांच्या डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं. टूलची धार गेली की आवाज कसा घोगरा होतो. सोमवारी सकाळी थंड मशीनचं माप तासाभराने कसं सरकतं. शिकवणारा प्रत्येक जण आधी स्वतःची फजिती सांगायचा, मग तुकड्यावर खडूने खुणा करून, लिहून दाखवायचा. आपण चुकलो हे सांगून कुणाची मान खाली गेलेली मी तिथे पाहिली नाही.

आता माझ्या घराबद्दल सांगावं लागेल, कारण माझी चूक तिथून आली.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडेपर्यंत युनियनची पत्रकं तेच लिहायचे. निगडीच्या आमच्या दोन खोल्यांत दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, गणितं सोडवली, नकाशे काढले. कागद उलटला की समोर "कामगार बंधूंनो!" बाराखडीनंतर मी पहिल्यांदा सलग वाचलेला मजकूर तोच. मला परीकथा कुणी वाचून दाखवल्या नाहीत, मागण्या वाचून दाखवल्या. त्याची मला कधी खंतही वाटली नाही. वडिलांचा एक नियम होता: निनावी पत्रक वाटायचं नाही. खाली सही नसेल तर तो कागद नाही, ती कुजबुज. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते माझंच आहे असं मला वाटायचं.

टेबलावर बसायला लागून वर्ष झालं असेल. तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसातून एक साहेब आले. आले तेही पाऊण तास उशिरा, तिकडच्या गर्दीत कॅब अडकली म्हणून. आम्हाला ट्रेनिंग हॉलमध्ये बसवलं, प्रत्येकाला बिस्किटांचा पुडा दिला आणि पडद्यावर चित्रं दाखवली. दर बुधवारी आता ज्ञानमंडळ भरणार, असं त्यांनी सांगितलं. कामगारांनी एकमेकांना अनुभव सांगायचे, ते एकेका पानावर उतरवायचे आणि मशीनजवळ लावायचे. वाईट काहीच नव्हतं त्यात. मग ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात जे आहे ती कंपनीची संपत्ती आहे. ती संध्याकाळी तुमच्याबरोबर घरी जाता कामा नये."

मी उभी राहिले. "साहेब, मग सुटताना डोकं लॉकरमध्ये ठेवून जायचं का?"

हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "काहींचं तिथंच असतं, ताई." साहेबही हसले. बैठक संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं आहे. ही पानं तुम्हीच लिहा ना."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते प्रामाणिकपणे सांगते. थोडी हुरळले. आणि बाकी राग होता. त्या वाक्याला मला उत्तर द्यायचं होतं. संपत्ती कंपनीची? मग मी प्रत्येक पानावर लिहीन की हे कुणाचं आहे. छापील नमुन्यात विषय, चूक, कारण, उपाय, फोटो असे रकाने होते. मी सगळ्यात वर पेनाने एक रकाना आखला: "हे कोणाकडून शिकलो." त्यात पूर्ण नाव, मशीन, पाळी, तारीख. कष्टाची ही चोरी मी माझ्या पानावर होऊ देणार नव्हते.

बुधवारच्या मंडळात कुणी तोंड उघडायचं नाही. बिस्किटं खायचे, हजेरी लावायचे, निघायचे. साहेबांना वाटे, आमच्या लोकांना बोलता येत नाही. मग पानांसाठी मजकूर आणायचा कुठून? मी तो टेबलावरून उचलला.

पहिली काही पानं साधी होती. मग नांदेडच्या त्या ऑपरेटरचा हब आला. त्याचं असं झालं की माल पकडीत सटकतोय म्हणून त्याने मशीनच्या जबड्यांचा दाब वाढवला. पकडीत घट्ट धरलेल्या हबला भोक पाडलं, तिथेच मोजलं, अगदी गोल. नऊ हब तसे झाले. दहाव्याच्या वेळी त्याला सहज वाटलं म्हणून त्याने आधीचा एक, सोडून ठेवलेला, गार झालेला हब पुन्हा मोजला. गोल नव्हता. दाबामुळे अंग चेपलेलं असताना भोक गोल पडलं होतं, आणि सोडल्यावर हब आपल्या जागेवर आला तेव्हा भोक वाकडं झालं. त्याने मशीन थांबवलं, नऊच्या नऊ हब बाजूला काढले आणि सेटरना हाक मारली. एकही तुकडा पुढे गेला नाही. पाळीच्या वहीत ते नऊ "सेटिंगचे नग" म्हणून लिहिले गेले, म्हणजे मशीन लावताना बिघडतात तसे. तसं सगळेच लिहितात. मशीन लावताना चार-दोन बिघडणारच हे कंपनी धरून चालते, चालू कामात बिघडले तर जाब विचारते.

टेबलावर त्याने हे सगळं सांगितलं तेव्हा मी खूश झाले. कुठल्याही पुस्तकात शोभेल असा धडा, आणि तो एका कंत्राटी माणसाने स्वतः शोधलेला. मी त्याला म्हटलं, "याचं पान करणार. तुमचं नाव आणि फोटो."

"माजं? खरंच?" त्याने टोपी काढून केसांवरून हात फिरवला. "मग थांबा, तोंड धुवून येतो."

हातात हब धरून हसताना मी त्याचा फोटो काढला. पान लॅमिनेट होऊन आलं तेव्हा त्याने त्याचाही फोटो काढला. "घरी पाठवायलो," म्हणाला. "बायको म्हणायली, तुम्ही तिकडं नुसतं बटणं दाबता. आता बग म्हणावं."

सेटरनी ते पान हातात घेऊन बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "पोरी, समदं ऱ्हाऊ दे. नाव तेवढं काढ."

"का? तुम्ही घाबरता का?"

"व्हय, घाबरतो."

"निनावी कागद भित्र्यांचा असतो, काका. आपल्या माणसाने शोधलंय. नाव नसेल तर उद्या तो हिंजवडीचा साहेब म्हणेल माझंच."

"म्हनू दे की. आमी तर वळखतो ना कुनाचं हाय ते."

मी त्यांना चांगलं दोन मिनिटं ऐकवलं. श्रम, मान, हक्क, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. वाद घालणारा माणूस नाही तो. पान त्यांनी माझ्या हातात परत दिलं. मला वाटलं, पटलं.

पुढे जे झालं त्यात खलनायक शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला असता तर सोपं गेलं असतं. क्वालिटीच्या अधिकाऱ्यांनी ते पान वाचलं, त्यांना आवडलंही. मग त्यांनी त्या तारखेची वही उघडली. पानावर माझ्या स्वच्छ अक्षरात होतं, "चालू उत्पादनात नऊ नग बिघडल्यावर." वहीत होतं, "सेटिंगचे नग." त्यांनी फक्त दोन कागद शेजारी ठेवले. नोंद खोटी ठरली. आणि नाव, मशीन, पाळी, तारीख शोधायची गरजच नव्हती. वर पेनाने आखलेल्या रकान्यात सगळं होतं.

सोमवारी सकाळी गेटवर तो माझ्यापुढे उभा होता. त्याने कार्ड लावलं, दिवा लाल झाला. "घासलं असंल," तो म्हणाला, आणि कार्ड शर्टावर पुसून पुन्हा लावलं. लाल. तिसऱ्यांदाही.

"भाऊ, बाजूला व्हा," वॉचमन म्हणाला, "मागं लाईन हाय. कंत्राटदाराला फोन लावा."

तो बाजूला झाला. माझ्याकडे बघून थोडं हसला. त्याला अजून कळलं नव्हतं, मला कळलं होतं. "जावा ताई," म्हणाला, "तुमची वेळ हुकंल."

मी कार्ड लावलं. दिवा हिरवा झाला. मी आत गेले.

हे मी अनेकदा वेगळ्या पद्धतीने आठवून पाहिलंय: मी थांबले, ओरडले, लाईन अडवली. पण मी आत गेले. लहानपणापासून वाचलेल्या एकाही पत्रकातला शब्द त्या वेळी माझ्या तोंडून निघाला नाही.

त्या नोंदीवर सेटरचीही सही होती. ते कायम कामगार, म्हणून त्यांना फक्त लेखी ताकीद मिळाली. दुपारी माझ्या मशीनचे जबडे बदलायला ते आले, काम केलं, हात पुसले आणि म्हणाले, "झालं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी टेबलाशी गेले. कुणी नव्हतं. त्यानंतरही नव्हतं. माझ्याशी कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही, कंपनीच्या बसमधली जागा बदलली नाही. माल उचलायच्या फोर्कलिफ्ट गाड्या जिथे चार्जिंगला लावतात तिकडे माणसं बसू लागली. मी तिकडून गेले की क्रिकेटच्या गप्पा सुरू व्हायच्या. "या मॅडम, चहा घेतला का?" अगदी नीट विचारायचे. त्यांच्या हातात कधी तुकडा दिसला नाही. मी पुढे गेल्यावर मागे आवाज खाली यायचे आणि मला कळायचं की आता खरं बोलणं सुरू झालं. मी एकटी वाकड्या पायाच्या टेबलापाशी बसायची. दहा मिनिटं फार असतात. कंप्रेसर किती वेळाने सुरू होतो ते मला पाठ झालं.

त्याचं पान मात्र मशीनजवळ तसंच होतं. माणूस गेटबाहेर, आणि हब धरून हसणारा त्याचा फोटो आत, नाव-गावासकट. ते काढायला गेले तर पानाच्या कोपऱ्यावर शिक्का निघाला. क्वालिटीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, ते आता कंट्रोलमध्ये गेलंय, अधिकृत कागद झालाय. असं काढता येत नाही. फॉर्म भरावा लागेल." मी फॉर्म भरला. कारण या रकान्यात काय लिहावं ते कळेना म्हणून "अनावश्यक" लिहिलं. नामंजूर झाला. शेरा होता, "माहिती उपयुक्त आहे."

घरी मी बरेच दिवस काही बोलले नाही. एका रविवारी वडील लसूण सोलत बसले होते, त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते कंपनीवर चिडतील आणि मग आम्ही दोघं मिळून चिडू. त्यांनी विचारलं, "त्या पानावर तुझं नाव कुठं होतं?"

"माझं कशाला? मी नुसतं लिहिलं होतं. शोध त्याचा."

"आमच्या पत्रकाखाली सही कुणाची असायची?"

"तुमची."

"आणि आतली माहिती कोण द्यायचं?"

ती माहिती दहा खात्यांतल्या दहा माणसांकडून यायची हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कुणी डब्याच्या झाकणात चिठ्ठी घालून पाठवायचं, कुणी भाजी घेता घेता सांगायचं. त्यातल्या एकाचंही नाव मी कधी छापलेलं पाहिलं नव्हतं.

"सही करायची ती आपली," ते म्हणाले. "मार खायला. तू दुसऱ्याची केलीस." आणि लसणाची ताटली माझ्याकडे सरकवली. "ह्या पाकळ्या राहिल्यात, कर."

सोमवारी मी कंपनीला पत्र दिलं. ते पान मी लिहिलं, माहिती चहाच्या गप्पांतून मी उचलली, बिघाड त्या माणसाने स्वतः पकडला म्हणून एकही वाकडा हब बाहेर गेला नाही, त्याला परत घ्या, शिक्षा करायची तर मला करा. खाली पूर्ण नाव, सही. एचआरच्या बाईंनी ते वाचलं. "तुमची तळमळ समजते मला," त्या म्हणाल्या. "पण तो आपला माणूस नाही ना. कंत्राटदाराचा आहे." मला शिक्षा झाली नाही. पुढच्या वेळी असं काही ईमेलवर पाठवा, असं सांगण्यात आलं. ज्ञानमंडळासाठी मला एक प्रमाणपत्र मिळालं. ते दिवाणाखाली आहे, पाठकोरं.

त्याला फोन करायला मला आणखी महिना लागला. तो तळेगावच्या बाजूला एका कंपनीत लागला होता.

"बोला ताई!" त्याने अजून ताईच म्हटलं. ते ऐकून मी जे पाठ करून ठेवलं होतं ते विसरले. नुसतं म्हटलं, "माझं चुकलं."

"आता काय म्हणावं," तो म्हणाला. मागे हॉर्न ऐकू येत होते. "तुमी चांगलंच करायला गेलता. पण वाईट झालं बगा. बायकोला अजून सांगिटलं न्हाई. तो फोटू तिनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय."

मी विचारलं, "तिथे काम कसं आहे?"

"काम तेच. मशीन नवं हाय. पण इथं अजून टेबल घावलं न्हाई."

फोन ठेवल्यावर मी निगडीच्या बसस्टॉपवर बसून राहिले. दोन बस सोडल्या.

मागच्या महिन्यात माझ्या हातून पुन्हा हब बिघडला. नवीन टूल लावलं होतं, आणि भोक तिरकं पडत होतं. दोन तुकडे गेले, तिसरा जाणार हे दिसत होतं, आणि कारण कळत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं; म्हणजे माणसं होती, वीस पावलांवर. चहाच्या वेळी मी एक हब घेऊन टेबलाशी गेले, मधोमध ठेवला आणि रोजच्यासारखा एकटीने चहा प्यायले. जाताना तो उचलला नाही. पाळीच्या वहीत खरं ते लिहिलं: चालू कामात दोन नग, माझ्या हातून. खाली सही. जाब विचारला गेला, मी तो दिला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना पाहिलं तर हब तिथेच होता, पण आता उलटा ठेवलेला. अंगावर खडूने एक बाण काढला होता, जबडा जिथे टेकतो तिथे. बाणाच्या टोकाशी हबवर दबल्याची एक बारीक आडवी रेघ, आणि शेजारी लिहिलं होतं: "इथं कचरा." बस. मी जाऊन जबडा उघडला. खाचेत लोखंडाची एक कपची अडकली होती, नखाएवढी. त्यामुळे माल केसभर तिरका बसत होता. ती काढली. पुढचा तुकडा सरळ आला.

ते अक्षर कुणाचं हे मला माहीत आहे. वर्षभर त्याच टेबलावर ते मी पाहिलंय. पण ते मी इथे लिहिणार नाही, म्हणून या सबंध लेखात कुणाचंच नाव नाही. जाबाबिबाची वेळ आली तर खाली असेल ती सही माझी.

साडेनऊला मी पुन्हा टेबलाशी गेले. कुणी आलेलं नव्हतं, फोर्कलिफ्टकडून हसण्याचा आवाज येत होता. मी चहा बाजूला ठेवला, खिशातून चिंधी काढली आणि बुधवारच्या मंडळाआधी हबवरचा खडू पुसून टाकला.